हिशेबातला शोक : संगणकीय संवादी कथेतील करुणाचा विकास

नाट्य म्हणजे लोकवृत्ताचे अनुकरण, असे भरताने म्हटले तेव्हा अनुकरण करणारा नट एक आणि ते पाहणारा प्रेक्षक दुसरा, ही गोष्ट त्याने गृहीतच धरली होती. सीतेचा त्याग राम करतो. प्रेक्षक तो पाहतो आणि व्याकुळ होतो. त्याच्या व्याकुळतेत कितीही उत्कटता असली तरी त्या त्यागाचा दोष त्याच्या माथी येत नाही. करुणरसाच्या आस्वादाविषयी संस्कृत आणि मराठी साहित्यशास्त्रात जी दीर्घ चर्चा झाली, ती सर्व या निर्दोष प्रेक्षकाला समोर ठेवून झाली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र संगणकाच्या आश्रयाने असा एक वाङ्मयप्रकार उदयास आला की, ज्यात नट आणि प्रेक्षक यांच्यामधील ही भिंत पुष्कळशी ढासळली. इंग्रजीत त्याला 'इंटरॅक्टिव्ह फिक्शन' म्हणतात; मराठीत त्याला संवादी कथा म्हणण्यास हरकत नसावी. या प्रकाराच्या अनेक शाखांपैकी एक शाखा येथे विचारात घ्यावयाची आहे. तीत वाचकाच्या हाती एखादा अगदी साधा व्यवहार सोपविला जातो. धान्य वाटावे, गाडी हाकावी, दुकान मांडावे, कागद तपासावेत, इतकेच. त्या व्यवहाराचा जमाखर्च चालू असता चालू असता एक दुःखकथा उलगडत जाते. व्यवहाराच्या अशा अनुकरणाला 'सिम्युलेशन' हे नाव आहे. या शाखेतील उत्तम कृतींचे वैशिष्ट्य असे की, त्यांत शोक वर्णिलेला नसतो. वजाबाकी केल्यावर जी बाकी उरते, तिच्या रूपाने तो वाचकासमोर येतो.

या शाखेचा उगम शाळेत झाला. न्यूयॉर्क राज्यातील वेस्टचेस्टर परगण्याच्या शैक्षणिक सेवा मंडळाने आणि आयबीएम या संगणककंपनीने मिळून हाती घेतलेल्या एका प्रयोगासाठी मेबल ॲडिस या शिक्षिकेने १९६४ साली 'द सुमेरियन गेम' लिहिला. यंत्राला समजणाऱ्या भाषेत तो उतरविण्याचे काम विल्यम मॅके याने केले. इयत्ता सहावीची तीस मुले त्या प्रयोगात होती. इसवी सनापूर्वी सुमारे ३५०० च्या सुमारास लगाश नगरीवर राज्य करणारा लुडुगा हा राजा मुलाने व्हावयाचे, आलेल्या पिकातून प्रजेला किती द्यावे, बियाणे किती राखावे आणि कोठारात किती टाकावे हे ठरवावयाचे, आणि वर्षअखेरीस त्या निर्णयाचे फळ यंत्राने छापून दिलेल्या कागदावर वाचावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. लुडुगानंतर त्याचा पुत्र आणि त्यानंतर नातू गादीवर येत असल्याने त्यात वंशकथेचा एक पुसटसा धागाही होता. मूळ आज्ञावली आज उपलब्ध नाही. वाङ्मयाच्या इतिहासात पहिला ग्रंथ हरवलेला असणे नवे नाही. पण येथे तो अवघ्या साठ वर्षांपूर्वीचा आहे, ही गोष्ट या नव्या माध्यमाच्या नश्वरतेविषयी बरेच काही सांगते.

ॲडिसबाईंची कल्पना मात्र हरवली नाही. १९६८ साली डग डायमेंट याने तिचे एक लहानसे रूप तयार केले आणि डेव्हिड आल याने ते 'बेसिक' या भाषेत आणून १९७३ साली आपल्या खेळसंग्रहात छापले. 'हमुराबी' या नावाने ते जगभर पसरले. हम्मुराबी हा बाबिलोनचा राजा, सुमेरचा नव्हे, आणि काळानेही कितीतरी अलीकडचा. पण ऐतिहासिक कादंबरीकारांना जी मोकळीक मिळते ती या मंडळींना नाकारण्याचे कारण नाही. राज्याची मुदत दहा वर्षांची. आरंभी प्रजा १०० आणि जमीन १००० एकर. प्रत्येक माणसाला वर्षाला २० बुशेल धान्य लागते. दरवर्षी प्रधान विनम्रपणे निवेदन करतो की अमुक माणसे उपासमारीने मेली, अमुक नगरात राहावयास आली, उंदरांनी अमुक धान्य खाल्ले. एका वर्षात शेकडा ४५ हून अधिक प्रजा मेली तर राजा पदच्युत होतो. त्याहून कमी मेली तर राज्य चालू राहते.

या रचनेत करुण आहे काय? रूढ अर्थाने मुळीच नाही. मेलेल्यांना नाव नाही, चेहरा नाही, आक्रोश नाही. उंदरांनी खाल्लेले धान्य आणि उपाशी मेलेली माणसे यांचे आकडे एकाच दमात, एकाच सुरात निवेदिले जातात. पण त्या सुरातच पुढील सगळ्या विकासाचे बीज आहे. शेकडा ४४ माणसे मरू देणारा राजा खेळाच्या नियमांनी सिंहासनावर राहू शकतो, आणि हे पहिल्या दोनचार डावांतच ध्यानात आलेला खेळाडू जमीन विकत घेण्यासाठी प्रजेच्या तोंडचा घास काढण्याचा विचार करू लागतो. राज्य चालू असता खेळ त्याला दटावीत नाही. दहाव्या वर्षानंतर दरसाल सरासरी शेकडा किती माणसे उपासमारीने मेली ते त्याला सांगितले जाते. दुष्काळाचे सरकारी अहवाल ज्यांनी वाचले आहेत त्यांना हा सूर अपरिचित वाटणार नाही. शोकाला जागा करून ठेवलेली आहे, पण तो अजून आलेला नाही, अशी ही अवस्था होती.

तो येण्यासाठी आकड्याला नाव मिळावे लागले. १९७१ च्या डिसेंबरात मिनियापोलिस येथे डॉन रॉविच या अध्यापनाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या इतिहासाच्या वर्गासाठी 'द ओरेगॉन ट्रेल' हा खेळ आणला; बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर हे त्याचे सहकारी होते. मिसूरीपासून ओरेगॉनपर्यंत सुमारे दोन हजार मैलांचा गाडीमार्ग, आणि त्या मार्गावर एकोणिसाव्या शतकातील स्थलांतरितांना आलेल्या आपत्ती. पुढे मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक मंडळासाठी तो पुन्हा रचला गेला तेव्हा स्थलांतरितांच्या रोजनिशा वाचून कोणती आपत्ती किती वेळा यावी याचे प्रमाण बसविण्यात आले. १९८५ च्या आवृत्तीत गाडीतील पाच जणांची नावे खेळाडूनेच द्यावयाची सोय झाली. मुलांनी साहजिकच तेथे आपल्या मित्रांची आणि भावंडांची नावे घातली. मग अतिसाराने मेलेले माणूस 'एक' राहिले नाही; ते धाकट्या बहिणीच्या नावाने मेले. गाडीचा प्रमुखच गेला तर थडग्यावरील मजकूर लिहिण्याची मुभा होती, आणि त्याच तबकडीवर मागाहून खेळणाऱ्याला वाटेत ते थडगे लागत असे. अनेकांनी त्यावर पोरकट विनोद लिहिले हे खरे. मृत्यूसमोर पहिल्याने विनोद सुचावा हेही वयाला धरूनच आहे.

या खेळाच्या हिशेबात एक मोठी बाजू कित्येक वर्षे लिहिलीच गेली नव्हती. ज्या प्रदेशातून ही गाडी जाते तेथील मूळ रहिवाशांचे दुःख कोणत्याही रकान्यात मांडलेले नव्हते. २०२१ च्या नव्या आवृत्तीसाठी मूळ रहिवासी समाजांतील अभ्यासकांचा सल्ला घेण्यात आला, म्हणजे ही चूक उमजावयास पन्नास वर्षे लागली. हिशेबाची भाषा तटस्थ भासते, पण कोणते रकाने आखावयाचे हे ठरविणारा तटस्थ नसतो. या प्रकाराच्या टीकाकाराला ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

याच सुमारास निव्वळ शब्दांच्या संवादी कथेत शोकाचा दुसरा एक प्रयोग झाला. मॅसॅच्युसेट्समधील इन्फोकॉम या संस्थेने १९८३ साली स्टीव्ह मेरेट्झ्की याची 'प्लॅनेटफॉल' ही कथा प्रसिद्ध केली. उजाड ग्रहावर अडकलेल्या नायकाला खावे लागते, झोपावे लागते, आणि त्याच्या अंगात रोग भिनत चाललेला असतो. व्यवहाराचे अनुकरण येथे एवढेच. त्याला साथ देणारा फ्लॉइड हा बालिश, बडबड्या यंत्रमानव अखेर त्याच्यासाठी प्राण वेचतो. यंत्राच्या पडद्यावरील अक्षरे वाचून अनेक वाचकांच्या डोळ्यांत पाणी आल्याची कथा तेव्हापासून सांगितली जाते. परंतु सुखान्त शेवटात फ्लॉइड दुरुस्त होऊन परततो. भवभूतीने 'उत्तररामचरिता'त रामसीतांचे पुनर्मीलन घडवून आणले त्याला नाट्यशास्त्राच्या संकेताचा आधार होता, आणि सात अंकांच्या शोकाची पुण्याईही होती. येथे तसे काही नाही. शोकाला भ्यालेल्या लेखकाने तो परत घेतला, असेच म्हणावे लागते.

या टप्प्यावर मराठी साहित्यविचारातील एका जुन्या कल्पनेकडे वळणे सोयीचे आहे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, पण आपले स्वत्व विसरून जात नाही. एकाच वेळी तो स्वतः असतो आणि दुसराही असतो, आणि या दुहेरी अवस्थेत काव्यानंद आहे, असा त्या उपपत्तीचा आशय. या कल्पनेवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. परंतु संवादी कथेच्या वाचकाची स्थिती सांगण्यास तिच्याइतकी जवळची कल्पना सहसा सापडणार नाही. फरक एवढाच की, केळकरांचा वाचक दुसऱ्याच्या मनात शिरतो, आणि हा वाचक दुसऱ्याच्या कामावर रुजू होतो. मनात शिरलेल्याला परत फिरणे सोपे असते. कामावर रुजू झालेल्याच्या हातून मात्र काहीतरी घडून गेलेले असते. त्यामुळे येथील शोकात पश्चात्तापाचा अंश मिसळतो, आणि तो रसशास्त्राने शोकाच्या पोटात घातलेला नाही. जुगारात सर्वस्व घालवून बसलेल्या माणसाचे ऋग्वेदातील स्वगत या भावाच्या अधिक जवळ आहे. फासे त्यानेच टाकलेले असतात.

यानंतरची वीसपंचवीस वर्षे या दृष्टीने फारशी फलदायी नाहीत. जपानमध्ये १९९१ पासून 'प्रिन्सेस मेकर'सारख्या खेळांत दिनदर्शिका आणि पैशाची थैली यांच्या आधारे मुलगी वाढविण्याची कथा आली, पण तिचे रूप मुख्यतः कौतुकाचे राहिले. खरी हालचाल झाली ती संगणकाची साधने एकट्या लेखकाच्या आवाक्यात आल्यावर. ख्रिस क्लायमस याने २००९ साली 'ट्वाइन' हे लेखनसाधन मोफत उपलब्ध केले. त्यातून पॉर्पेन्टाइन हे नाव घेऊन लिहिणाऱ्या लेखिकेची 'हाउलिंग डॉग्ज' ही कृती २०१२ साली आली. अंधाऱ्या कोठडीतील बंदिवान व्यक्तीने रोज यंत्रातून अन्न घ्यावयाचे, पाणी घ्यावयाचे आणि मग डोळ्यांवर आवरण चढवून स्वप्नात जावयाचे, हे रोजचे रहाटगाडगे त्या कथेचा कणा आहे. दिवस उलटतात तसतशी कोठडी घाण होत जाते. त्याविषयी लेखिका हळहळ व्यक्त करीत नाही. घाणीचे वर्णन एकेका वाक्याने वाढते, इतकेच.

रिचर्ड हॉफमायर याची 'कार्ट लाइफ' ही कृती त्याच्या आदल्या वर्षी, २०११ साली, लोकांसमोर आली होती. तिच्यापाशी अधिक वेळ थांबावयास हवे. करड्या रंगाच्या ओबडधोबड चित्रांत एक अमेरिकन शहर, आणि त्यात रस्त्यावर दुकान मांडणारी माणसे. युक्रेनहून आलेला आंद्रुस वर्तमानपत्रे विकतो. त्याच्या सोबतीला एक मांजर आहे आणि जडलेली सिगारेट आहे. घटस्फोटाच्या काठावर असलेली मेलनी कॉफीचे दुकान टाकू पाहते, कारण मुलीचा ताबा कोणाकडे जावा हे ठरविणाऱ्या न्यायाधीशापुढे तिला स्वतःच्या कमाईचा पुरावा ठेवावयाचा आहे. खेळाडूने करावयाचे काय? वर्तमानपत्रांची घडी घालावयाची असली की पडद्यावर उमटलेले वाक्य अक्षर न चुकता टंकावयाचे. गिऱ्हाइकाने नोट दिली की परत किती द्यावयाचे ते झटपट मोजावयाचे. शाळा सुटण्याच्या वेळी मुलीला आणावयास जावयाचे, मग त्या वेळी दुकानासमोर गर्दी असली तरी. घड्याळ थांबत नाही. कोणत्या कचेरीत परवाना मिळतो, मांजराचे खाणे कोठे मिळते, हे कोणी सांगत नाही. परक्या शहरात नव्याने आलेल्याला कोण सांगतो?

गरिबीवर मराठीत आणि इतर भाषांत अनेक समर्थ कथा लिहिल्या गेल्या आहेत. परंतु गरिबीचा एक विशेष कथेला नेहमीच निसटतो, आणि तो म्हणजे तिचा कंटाळा. तेच ते काम दिवसातून चाळीस वेळा करावे लागणे, हे कथाकार एका वाक्यात सांगतो आणि वाचक त्या वाक्यावरून पुढे सरकतो. हॉफमायर वाचकाला पुढे सरकू देत नाही. सुटे पैसे मोजताना एक चूक झाली की गिऱ्हाईक निघून जाते, आणि त्या चुकीची किंमत रात्री मांजराच्या खाण्यातून वळती होते. मेलनीची मुलगी शाळेच्या दारात ताटकळत उभी राहिली तर तिच्या आईवर रागावण्याचा वाचकाला अधिकार उरत नाही, कारण कॉफीचा आणखी एक पेला विकण्याचा मोह त्यालाच झालेला असतो. २०१३ साली स्वतंत्र खेळांच्या अमेरिकेतील महोत्सवात या कृतीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथील आपल्या मांडणीच्या जागेवर हॉफमायरने रंगाने 'हाउलिंग डॉग्ज' हे नाव रंगविले आणि स्वतःच्या खेळाऐवजी पॉर्पेन्टाइनची कथा लोकांना दाखविली. साहित्यिकांच्या मेळाव्यांत असे दृश्य क्वचितच दिसते.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लुकास पोप याचे 'पेपर्स, प्लीज' प्रसिद्ध झाले. पोप हा मूळचा अमेरिकन, जपानमध्ये स्थायिक झालेला. देशोदेशींच्या विमानतळांवर पारपत्र तपासून घेण्याच्या अनुभवातून ही कल्पना आपल्याला सुचली असे त्याने सांगितले आहे. काळ १९८२ सालचा नोव्हेंबर, स्थळ आर्स्टोट्झ्का या कल्पित साम्यवादी राष्ट्राची सीमा. खेळाडू तेथील तपासनीस. येणाऱ्याचे कागद पाहावेत, नियमपुस्तकाशी ताडावेत आणि हिरवा किंवा तांबडा शिक्का मारावा. तपासलेल्या दर माणसामागे पाच नाणी मिळतात. संध्याकाळी घरभाडे, अन्न आणि शेकोटी यांचा खर्च समोर येतो, आणि त्याखाली पत्नी, मुलगा, सासू, मामा अशी यादी. प्रत्येकापुढे एकच शब्द असतो : ठीक, उपाशी, गारठलेला, आजारी. हमुराबीच्या प्रधानाचा तोच सूर येथे पुन्हा ऐकू येतो; पण मधल्या पंचेचाळीस वर्षांत त्या सुराला घर मिळाले आहे.

पाचव्या दिवशी एक नवरा कागद दाखवून आत जातो आणि मागून येणाऱ्या आपल्या बायकोशी दयेने वागा असे विनवितो. बायकोपाशी प्रवेशाचा परवाना नाही. तिला परत धाडावे तर नवरा-बायकोची ताटातूट. आत सोडावे तर तपासनिसाच्या नावावर चूक चढते. आता येथील नियमाची योजना पाहावी. दिवसातील पहिल्या दोन चुकांना केवळ ताकीद मिळते. दंड तिसरीपासून सुरू होतो. म्हणजे दया करावयास रोज दोनदा फुकट मुभा आहे. पण ज्याचे लक्ष दमलेले असते त्याच्या त्या दोन चुका सकाळीच, साध्या निष्काळजीपणात, खर्ची पडलेल्या असतात, आणि मग जी दया परवडली असती ती परवडत नाही. नोकरशाहीतील क्रौर्याची इतकी नेमकी मीमांसा गद्यात करावयाची तर बरीच पाने लागतील. येथे ती दंडाच्या एका कोष्टकात झाली आहे. पोपने निवेदनाला दिलेला वाव अत्यल्प आहे. माणसे दोनतीन वाक्ये बोलतात, तीही मोडकी. तरीही नाकारलेल्या चेहऱ्यांपैकी काही मनात राहतात, आणि त्याचे कारण असे की त्यांना नाकारण्याचा शिक्का उचलताना वाचकाने मनातल्या मनात मुलाच्या औषधाचा हिशेब केलेला असतो.

हाच हिशेब वॉर्सा येथील इलेव्हन बिट स्टुडिओज या संस्थेने २०१४ च्या नोव्हेंबरात 'धिस वॉर ऑफ माइन'मध्ये युद्धाच्या तळाशी नेला. १९९२ ते १९९६ या काळातील सारायेव्होचा वेढा ही तिची प्रेरणा. सैनिक येथे नायक नाहीत. पडक्या घरात अडकलेले साधे नागरिक दिवसा चूल पेटवितात आणि रात्री भंगार, औषधे, अन्न शोधीत हिंडतात. एका घरात एक म्हातारे जोडपे राहते. त्यांच्यापाशी अन्न आणि औषधे आहेत, आणि प्रतिकार करण्याचे बळ नाही. ते लुटून आणल्यावर घरातली उपासमार टळते. मात्र लुटणाऱ्याच्या नावापुढे हळूहळू खिन्नतेची नोंद होऊ लागते आणि तो काम करीनासा होतो. कल्पना थोर आहे. येथे मात्र एक शंका उपस्थित होते. खिन्नता हाही एक रकाना झाला की खेळाडू तिच्यावर उपाय शोधू लागतो. पुस्तक मिळाले, तंतुवाद्य मिळाले, की ती उतरते. अपराधाची जाणीव वाचकाच्या ठिकाणी जागी करण्याऐवजी ती पात्राच्या खात्यावर लिहून टाकली की वाचक मोकळा होतो. पोपने तपासनिसाच्या मनःस्थितीचा रकाना आखलाच नाही, आणि तेथे त्याची दृष्टी अधिक खोल ठरते.

या सर्व प्रकाराविरुद्ध एक मूलभूत आक्षेप आहे आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. जो डाव पुन्हा मांडता येतो त्यातील मृत्यू खरा कसा मानावा? 'पेपर्स, प्लीज'मध्ये मागील कोणत्याही दिवसापासून पुन्हा आरंभ करता येतो, आणि तिचे वीस निरनिराळे शेवट आहेत. सराव झालेला खेळाडू कुटुंबातील सर्वांना जगवून दाखवितो. शोकान्तिकेचे सामर्थ्य तिच्या अटळपणात असते, असे मानणाऱ्या टीकाकाराला ही गोष्ट घातक वाटेल. परंतु अटळपणाचे ओझे खरोखर कोणावर असते? ग्रीक नाटकात ते दैवावर असते, म्हणून प्रेक्षक दैवापुढे नम्र होतो. येथे सर्वांना वाचविणारी वाट होती, ती आपल्याला सापडली नाही, आणि तिसऱ्या खेपेस सापडली तेव्हा पहिल्या खेपेस मेलेला मुलगा विसरता आला नाही, अशी अवस्था होते. ही शोकान्तिका नव्हे, हे मान्य करावे. हा शोकाचा निराळा प्रकार आहे आणि त्याला अद्याप नाव मिळावयाचे आहे. मात्र जेथे सरावाने मिळणारे प्रावीण्यच मुख्य सुख होऊन बसते, तेथे कथा विझते आणि कोष्टक उरते; या शाखेतील दुय्यम कृती याच कारणाने दुय्यम राहिल्या आहेत. 'कार्ट लाइफ'चे यश असे की सुटे पैसे बिनचूक मोजता येऊ लागले तरी आंद्रुसचा दिवस सुखाचा होत नाही.

२०२० च्या जूनमध्ये पोलंडच्या सरकारने 'धिस वॉर ऑफ माइन' ही कृती शालेय वाचनाच्या ऐच्छिक यादीत घातली जाईल असे जाहीर केले. खेळाला असा मान देणारे ते पहिले राष्ट्र समजले जाते. कृती प्रौढांसाठी असल्याने ती अठरा वर्षे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांपुरतीच ठेवण्यात आली. वेढ्यातील त्या म्हाताऱ्या जोडप्याचे घर लुटावे की न लुटावे, हा प्रश्न तेथे आता वर्गात विचारता येतो, आणि उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याने कदाचित आदल्या रात्रीच ते घर लुटलेले असते.